मेहकरचं आपलं चॅनल: सुरुवात कुठून करायची?

जानेवारी 2025 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक झडू लागले. मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या धुरळा उडवत गावात आल्या, टक्कल पडलेली डोकी राज्याला आणि देशाला दाखवली आणि परत गेल्या. कारणाचा शोध पुढे बराच काळ चालला. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं, रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमची चर्चा झाली. गावातल्या माणसाचे प्रश्न त्या दिवसांत फार साधे होते. हे पाणी प्यावं की नाही? नमुने कोणी नेले, अहवाल कधी येणार? लेकराला शाळेत पाठवलं तर चालेल का? एवढंच, पण रोज आणि त्याच गावासाठी सांगणं राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीला जमत नाही. ते तिचं कामही नाही.

ते काम शहराच्या स्वतःच्या चॅनलचं आहे. समृद्धी महामार्गावर अपघात झाला, पैनगंगेला पूर आला किंवा निवडणूक लागली की मेहकर टीव्हीवर दिसतं. नळाला पाणी किती दिवसांनी येणार, बाजार समितीत आज सोयाबीनची आवक किती झाली, नगरपरिषदेच्या सभेत कोणता ठराव झाला, हे मात्र पडद्यावर येत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, आणि तिथे खरं-खोटं निवडायला कोणी बसलेलं नसतं. म्हणून मेहकरात सात-आठ जणांनी एकत्र येऊन चॅनल काढायचं ठरवलं, तर त्यांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: कॅमेरा आणि परवाना यांच्या आधी माणसं आणि कारभाराचे नियम ठरले पाहिजेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लागतो.

कायदा काय देतो

भारतात सामुदायिक रेडिओसाठी स्वतंत्र धोरण आहे. 2002 मध्ये ते शिक्षणसंस्थांसाठी आलं आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. त्याच धोरणामुळे साताऱ्याच्या म्हसवडमध्ये माणदेशी तरंग वाहिनी उभी राहिली. सामुदायिक टीव्हीसाठी मात्र असा परवानाच नाही. अमेरिकेत 1984 च्या केबल कायद्याने शहरांना एक हक्क दिला: तुमच्या रस्त्यांवरून वायर नेणाऱ्या केबल कंपनीकडे नागरिकांसाठी, शाळांसाठी आणि नगरप्रशासनासाठी चॅनलची जागा मागा. आपल्याकडे वायर शहरातल्याच खांबांवरून आणि गल्ल्यांमधून जाते, पण तसा हक्क नाही. आपल्याला विनंतीच करावी लागते.

आपल्याकडे सार्वजनिक टीव्ही म्हणजे दूरदर्शन. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि 'आमची माती आमची माणसं' या कार्यक्रमाने शेतकऱ्याला पडद्यावर मानाची जागा दिली. पण त्या व्यवस्थेचं लहानात लहान माप राज्य हेच राहिलं, तालुका कधी झाला नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं म्हटलं. तो निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. आज तीस वर्षांनंतरही त्या मालमत्तेचा तालुक्याच्या वाट्याचा तुकडा कोणी मोजून दिलेला नाही. हे बदलायला हवं, आणि लोकप्रतिनिधींकडे तशी मागणी करायला हवी. तोवर दोन वाटा मोकळ्या आहेत: केबल आणि इंटरनेट.

केबलची वाट

नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावांमध्ये केबल आली तेव्हा हे सोपं होतं. केबलवाल्याच्या खोलीत एक व्हीसीआर असायचा. दुपारी सिनेमा, संध्याकाळी गणपतीच्या मिरवणुकीची कॅसेट आणि खाली सरकत्या पट्टीवर साड्यांच्या सेलची जाहिरात. 2012 मध्ये महानगरांपासून केबल डिजिटल व्हायला लागली आणि 2015 ते 2017 या काळात ते लोण लहान शहरांपर्यंत आलं. आता सगळे चॅनल मोठ्या कंपनीच्या, म्हणजे एमएसओच्या, मुख्य केंद्रात एकत्र होतात, कुलूपबंद होऊन फायबरने गावात येतात आणि घरातल्या सेट-टॉप बॉक्समध्ये उघडतात. गावातला केबलवाला मनात असूनही मध्येच आपला चॅनल घालू शकत नाही. त्याच्यामार्फत एमएसओपर्यंत जावंच लागतं.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने 30 नोव्हेंबर 2022 ला अशा स्थानिक चॅनलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत या चॅनलला 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हटलं आहे. नोंदणी एमएसओने ऑनलाइन करायची असते आणि शुल्क प्रत्येक चॅनलमागे एकदाच 1,000 रुपये आहे. एमएसओच्या एकूण चॅनल क्षमतेच्या 5 टक्क्यांपर्यंत असे चॅनल ठेवता येतात आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी दोन. ही जिल्ह्याची जागा आपल्या कामाची आहे, कारण एमएसओ 'जागा नाही' म्हणाला तर तिच्याकडे बोट दाखवता येतं. स्थानिक बातम्या आणि चालू घडामोडी द्यायच्या असतील तर एमएसओ कंपनी म्हणून नोंदलेला असणं सक्तीचं आहे. पडद्यावर 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' अशी ओळख दिसली पाहिजे आणि दाखवलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग 90 दिवस जपून ठेवलं पाहिजे.

आणखी एक अट नीट लक्षात घ्या. एका एमएसओवर चाललेला कार्यक्रम दुसऱ्या एमएसओला देता येत नाही. शहरात दोन वेगवेगळ्या नेटवर्कच्या वायरी असतील तर तुमचं चॅनल एकाच बाजूच्या घरांत दिसेल, आणि डीटीएचची छत्री असलेल्या घरांत अजिबात दिसणार नाही. मंदिर, गुरुद्वारा अशा धार्मिक स्थळांच्या थेट प्रक्षेपणाला मात्र यात सूट आहे. म्हणजे शारंगधर बालाजीच्या उत्सवाचं थेट चित्र दोन्ही नेटवर्कवर देता येईल, पण पाणीपुरवठ्यावरची चर्चा एकावरच.

म्हणून पैसे गुंतवण्याआधी केबलवाल्याकडे चहाला बसा आणि विचारून घ्या: तुमचा सिग्नल कोणत्या एमएसओचा? मेहकर शहरात आज प्रत्यक्ष रिचार्ज होणारे बॉक्स किती, आणि आसपासच्या खेड्यांत किती? जिल्ह्याच्या जागेत चॅनल घ्यायला कंपनी तयार आहे का, आणि भाडं किती मागते? कार्यक्रम पोचवायचा कसा? मेहकरातून थेट सिग्नल पाठवायचा म्हटलं तर एन्कोडर लागतो आणि उलट दिशेने जाणारी फायबर लागते. रोज संध्याकाळी तयार फाइल इंटरनेटवरून पाठवली आणि तिथल्या माणसाने ठरलेल्या वेळी ती लावली, तर हा खर्च वाचतो. सुरुवातीला फाइलच पाठवा. बॉक्सचा आकडा तोंडी ऐकू नका, लिहून घ्या. केबलचे ग्राहक मोबाइलकडे वळत आहेत, आणि जुन्या आकड्यावर जाहिरातदाराला शब्द दिला तर पहिल्याच वर्षी तोंड लपवायची वेळ येते.

इंटरनेटची वाट

यूट्यूबवर चॅनल काढायला पैसा लागत नाही. मुंबई-पुण्याला कामाला गेलेला मेहकरचा मुलगाही ते पाहू शकतो आणि तालुक्यातल्या खेड्यांत मोबाइल तर आहेच. बातम्या देणाऱ्यांना 2021 चे आयटी नियम लागू होतात. त्यांनुसार मंत्रालयाला आपली माहिती कळवायची असते, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि आलेल्या तक्रारीचा 15 दिवसांत निकाल लावायचा असतो. हा अधिकारी म्हणजे गावातला कोणीतरी निवृत्त शिक्षक किंवा वकील असला तरी पुरे. त्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक भागाच्या शेवटी दाखवा.

माझा सल्ला असा की पहिलं वर्ष यूट्यूबवर काढावं आणि आठवड्याला अर्ध्या तासाचा एकच भाग करावा. वर्षभर एकही वार चुकला नाही, की मग एमएसओच्या दारात जावं. बावन्न भाग हातात घेऊन गेलेल्या माणसाशी कंपनी वेगळ्या सुरात बोलते.

अर्ध्या तासात काय दाखवायचं

सगळ्यात जास्त डोकं इथेच लावायचं आहे. उद्घाटनं, सत्कार, वाढदिवस आणि फीत कापणारे हात यांनी अर्धा तास भरायला वेळ लागत नाही. असं चॅनल सत्कारमूर्तीच्या घरापलीकडे कोणी पाहत नाही.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये ठरला. ही बातमी सगळीकडे आली. शेतकऱ्याचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. तुम्ही बाजार समितीच्या आवारात जा आणि कॅमेरा ओलावा मोजायच्या यंत्रावर धरा. दाणे यंत्रात ओतले जातात, आकडा वर चढतो आणि 14 वर थांबतो. हमीभावाच्या खरेदीत साधारण 12 टक्क्यांची मर्यादा असते. आता कॅमेरा शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर न्या आणि तो काय म्हणतो ते ऐका. मग खरेदी केंद्रावरच्या माणसाला विचारा: माल किती दिवस उन्हात टाकला तर ओलावा उतरेल? नोंदणी कुठे करायची? सातबारा, आधार, बँक पासबुक याशिवाय काय लागतं? ई-पीक पाहणीत सोयाबीनची नोंद नसेल तर काय होतं? शेवटी हमीभाव आणि त्या दिवशी खुल्या बाजारात मिळालेला भाव, असे दोन आकडे मोठ्या अक्षरांत पडद्यावर थांबवून ठेवा, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही वाचता येतील. हे सगळं आठ मिनिटांत बसतं, आणि ही आठ मिनिटं जानेफळ, डोणगावपर्यंत लोक एकमेकांना पाठवतील.

दुसरा नेमाचा विषय नगरपरिषद. सभेची विषयपत्रिका आधी मागून घ्या आणि चित्रीकरणाची परवानगी लेखी मागा. मिळाली तर पूर्ण सभा यूट्यूबवर ठेवा आणि अर्ध्या तासाच्या भागात त्यातले दोनच विषय समजावून सांगा. नाही मिळाली तर ठरावांच्या प्रती माहिती अधिकारात काढा. अर्जाला 10 रुपये लागतात आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. प्रत हाती आली की ती पडद्यावर वाचून दाखवा आणि संबंधित नगरसेवकाला त्याच भागात बाजू मांडू द्या. आरडाओरडा करायची गरज नाही. ठराव सावकाश, स्पष्ट वाचला की तो पुरेसा बोलतो.

बाकीचं थोडक्यात आटोपा: एसटी आगाराच्या वेळांतले बदल, सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी कोणते डॉक्टर असतात, कोणत्या प्रभागात कोणत्या दिवशी पाणी येणार, हरवलं-सापडलं, आणि बारावीनंतरच्या प्रवेशांच्या तारखा.

भाषेकडे लक्ष द्या. निवेदकाने प्रमाण मराठीत बोलावं, हरकत नाही. पण समोरचा माणूस वऱ्हाडीत बोलत असेल तर त्याला मध्येच 'शुद्ध' करू नका आणि ते वाक्य कापूही नका. शहरात उर्दू बोलणारी कुटुंबं आहेत, तालुक्यात बंजारा तांडे आहेत. महिन्यातून एक भाग उर्दूत, एक गोरमाटीत झाला तर चॅनल 'आपलं' आहे हे सांगत बसावं लागणार नाही. बायकांची मुलाखत घ्यायची तर दुपारी जा. सकाळी पाणी भरणं असतं, संध्याकाळी चूल. आणि घरातला पुरुष शेजारी उभा राहून उत्तरं देत असेल तर त्याची वेगळी मुलाखत घ्या, बाईंच्या मुलाखतीत त्याला बोलू देऊ नका.

आवाज आधी, चित्र नंतर

चित्र जरा हललं तरी माणूस सोसतो, आवाज आला नाही तर लगेच पुढे जातो. म्हणून पहिला खर्च कॉलर माइकचा करा. साधा वायरलेस माइक दोन-तीन हजारांत येतो. मोबाइल आडवा धरा आणि तिपाईवर लावा. खोलीत पंखा बंद करा. बोलणाऱ्याला खिडकीकडे तोंड करून बसवा, खिडकीला पाठ करून बसवलं तर चेहरा काळा पडतो. चित्रीकरण सुरू करण्याआधी दहा सेकंद रेकॉर्ड करून कानाला हेडफोन लावून ऐका. घरी आल्यावर फाइलला तारीख, जागा आणि विषय असं नाव त्याच रात्री द्या आणि दुसऱ्या हार्डडिस्कवर एक प्रत ठेवा.

ही दुसरी प्रत फार मोलाची आहे. 'शीळ'चे कवी ना. घ. देशपांडे यांनी मेहकरात वकिली केली. त्यांची ती कविता जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि महाराष्ट्रभर घराघरांत पोचली. मेहकरचे शब्द दूरवर गेले ते कोणीतरी ते मुद्रित करून ठेवले म्हणून. 1888 मध्ये खोदकामात बालाजीची मूर्ती सापडली. त्याबद्दल वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना पुढच्या वर्षीसाठी थांबवून ठेवू नका.

पैसा आणि मालकी

तालुक्याच्या गावात चॅनल चालतं ते मुख्यतः पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर. हा पैसा सहज येतो आणि चॅनलचं तोंडही तितक्याच सहज बंद करतो. माझं स्पष्ट मत आहे की तो घेऊच नये. दुकानं, कृषी सेवा केंद्रं, शिकवण्या, दवाखाने यांच्या लहान जाहिराती घ्या आणि त्यावर 'जाहिरात' असं लिहा. केबलवर जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा आहे, ती यूट्यूबवरही पाळा. शंभर घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले तरी पाच हजार होतात. माइक, इंटरनेट आणि गाडीचं पेट्रोल त्यात निघतं. दर सहा महिन्यांनी जमाखर्च पडद्यावर दाखवा, देणाऱ्यांच्या नावांसकट.

मंडळ सात जणांचं करा. संस्था नोंदवायची झाली तरी कायद्याला सातच लागतात. त्यांत एक शेतकरी, एक शिक्षिका, एक व्यापारी आणि तिशीच्या आतले दोघे असावेत. घटनेत लिहून टाका की निवडणूक लढवणारा माणूस अर्ज भरला त्या दिवसापासून मंडळावर राहणार नाही, आणि कोणती बातमी लावायची हे देणगीदार ठरवणार नाही. चॅनलचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. एकाच्या मोबाइलवर सगळं उभं राहिलं तर त्याचं लग्न किंवा बदली झाली की चॅनल संपतं.

जिथे चुकायचं नाही

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख पटेल असं काहीही दाखवता येत नाही. नाव नाही, घर नाही, आईवडिलांचा चेहराही नाही. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 आहे. लहान गावात 'अमुक गल्लीतली' एवढ्या उल्लेखानेही ओळख उघड होते, म्हणून आपल्याला शहरांपेक्षा जास्त जपायचं आहे. अपघाताच्या जागी गेलात तर मृतदेह दाखवू नका आणि घरच्यांना कळायच्या आत नाव सांगू नका. सिनेमाची गाणी पार्श्वसंगीत म्हणून वापरू नका, त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात. गावातल्या भजनी मंडळाला विचारा, लेखी संमती घ्या आणि कार्यक्रमात त्यांचं नाव द्या.

निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरात लावण्याआधी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीचं प्रमाणपत्र मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 एप्रिल 2004 च्या आदेशापासून टीव्ही आणि केबलला ते बंधनकारक आहे. पैसे घेऊन बातमी लावणं हे तर जाहिरातीपेक्षाही वाईट. केबलवर तक्रार झाली तर जिल्हाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी यांना केबल कायद्याखाली प्रक्षेपण थांबवण्याचे अधिकार आहेत. जपून ठेवलेलं 90 दिवसांचं रेकॉर्डिंग अशा वेळी तुमच्याच बाजूचा पुरावा ठरतं.

हे वाचून कोणाच्या मनात आलं असेल तर एवढं करा. या महिन्यात सात माणसं जमवा, वार ठरवा, दोन पानांचे नियम लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या आणि नगरपरिषदेकडे पुढच्या सभेच्या चित्रीकरणासाठी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तिची तारीख पडद्यावर दाखवून पहिला भाग सुरू करता येईल.